तिरकं माप

मी चार्जर घ्यायला गेलो होतो त्या दुकानात आमच्या गल्लीतले शिंपीकाका मुलीला घेऊन, तिच्या कॉलेजसाठी टॅब्लेट नाहीतर हलका लॅपटॉप घ्यायला आले होते. त्यांनी खिशातून टेप काढली आणि काउंटरवरच्या टॅब्लेटचा स्क्रीन आडवा मोजला. "दहा इंची म्हणालात, हा तर साडेआठच भरतोय!"

विक्रेता मोठ्याने हसला. "काका, स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. शर्टाचं कापड नाही हे." बाकीची गिऱ्हाइकंही हसली. मुलीने मान खाली घातली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. वस्तू मोठी वाटावी म्हणून तिरकी मोजायची, आणि सरळ मोजणारा माणूस अडाणी? मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडिलांनी कारकुनाला एकच प्रश्न दोनदा विचारला, तेव्हा तोही असाच हसला होता. वडिलांनी तो अपमान गिळला, म्हणून मी शिकलो. मी मात्र तेव्हा त्यांच्यापासून दोन पावलं लांब सरकलो होतो. त्या विक्रेत्याइतकाच मला माझा राग आला.

"ताईंना आठ इंची पुरे," विक्रेता म्हणाला, "पिक्चर बघायला मस्त."

"मला लिहायचंय," मुलगी एकदम म्हणाली. मान आता वर होती. "बाबा, लॅपटॉपच बघू. टाइप करताना माझे दोन्ही हात नीट बसले पाहिजेत."

काकांनी तिला पंजे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, शांतपणे माप घेतलं आणि म्हणाले, "हं, आता दाखवा."