चौकटीतला भोपळा

वडिलांच्या वह्यांसाठी मी चुकीचं सॉफ्टवेअर निवडलं. लाखेचा वास आला की ते आठवतं. मिरजेत तंबोरे बनवणारे माझे अण्णा कामाच्या आणि घरच्या वह्यांत एखाद्या शब्दाला चौकट करत. चौकट म्हणजे तो शब्द दुसऱ्या वहीतही बघायचा. त्यांची नजर अधू झाली, काम अडू लागलं, म्हणून मी वह्या मोबाईलमध्ये उतरवल्या. पण सॉफ्टवेअरला चौकट कळेना. सारखा शब्द दिसला की ते जोडून मोकळं. एक गिऱ्हाईक भोपळा तडकलेला तंबोरा घेऊन आलं. तसाच भोपळा शोधायला अण्णांनी 'भोपळा' दाबला, आणि मोबाईल मोठ्यानं वाचू लागला, "धाकट्याला गणितात भोपळा." धाकटा मीच. म्हटलं, "अण्णा, जोडणी चुकली." अण्णा शांतपणे म्हणाले, "बरोबर जोडलंय रं. दोन्ही आतनं पोकळच हायत."