अकरावा चौकोन

टीव्हीच्या दुकानात ते बावीस वर्षं उभे होते. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "खात्री माझी." म्हणून दुकानात सगळे त्यांना खात्रीभाऊच म्हणत. पण त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात काही मारलं नाही. स्वतःला पटलं तेच विकलं.

दोन वर्षांपासून त्यांना एचडीआरचे टीव्ही पटले होते. एकाच चित्रात खिडकीबाहेरचं ऊनही दिसतं आणि आतल्या काळोखातली खुर्चीही, हे ते असं रंगवून सांगत की ऐकणारा घरी जाऊन भिंत मोजायला घेई. स्वतःच्या थोरल्या बहिणीलाही त्यांनी तसाच टीव्ही घ्यायला लावला होता.

एका दुपारी एक गृहस्थ आले. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले. खात्रीभाऊंचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक चित्र होतं. पंधरा चौकोन, प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा जरा जास्त उजळ. एचडीआर खरोखर पडद्यावर उतरत असेल तर पंधराही वेगळे दिसतील, नाहीतर शेवटचे एकमेकांत मिसळतील, असं त्यांनी समजावलं.

दुकानातल्या नऊ टीव्हींना एकाच प्लेअरवरून चित्र जायचं. पेन ड्राइव्ह त्याला लावला. नऊही पडद्यांवर दहाच चौकोन दिसले. अकराव्यापासून पुढे नुसता पांढरा पट्टा.

"खोक्यावर तर एचडीआर लिहिलंय," खात्रीभाऊ कसेबसे म्हणाले.

"खोक्यावर लिहायला काय जातंय?" गृहस्थ म्हणाले. आवाजात राग नव्हता. पेन ड्राइव्ह राहू द्या, म्हणून ते निघून गेले.

खात्रीभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षांत आपल्या शब्दावर टीव्ही नेलेले चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागले. संध्याकाळी ते घरी न जाता थेट ताईकडे गेले.

ताईला आधी वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. खरं कारण कळल्यावर तिने त्यांना आधी पाणी दिलं. मग तिच्या टीव्हीच्या प्लेअरला पेन ड्राइव्ह लावला. इथेही दहाच.

"ताई, मी तुलाही फसवलं गं."

ताईचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नसे. तिने खणातून टीव्हीची माहितीपुस्तिका काढली, चष्मा लावला आणि बोट फिरवत राहिली. बऱ्याच पानांनंतर ते बोट थांबलं. टीव्हीच्या मागे वायर ज्या खाचेत जाते, त्या प्रत्येक खाचेसाठी एचडीआर वेगळं सुरू करावं लागत होतं. कारखान्यातून ते बंदच येत होतं.

"विकतोस तू, आणि वाचायचं मी?" ती म्हणाली आणि रिमोटचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. चित्र परत आलं तेव्हा खात्रीभाऊंनी जवळ जाऊन बोटाने चौकोन मोजले, मग खात्रीसाठी उलटेही मोजले. पंधरा. त्या रात्री ते ताईकडे पोटभर जेवले.

सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी नऊही टीव्हींवर ते सेटिंग सुरू केलं, तरी दहाच चौकोन. मग पेन ड्राइव्ह एकेका टीव्हीला थेट लावून पाहिला. आठ टीव्हींनी पंधरा दाखवले. म्हणजे खोट होती ती प्लेअरचं चित्र सगळ्यांना वाटणाऱ्या जुन्या डबीत. नववा टीव्ही मात्र दहावरच अडला. तो नावापुरताच एचडीआर होता. दुकानाच्या मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण डबी बदलली आणि नववा टीव्ही भिंतीवरून उतरवला.

मग आठवडाभर फोन चालले. एकेकाला ते सेटिंग सांगत होते. एका आजोबांनी विचारलं, की आता नेमकं काय बघायचं? चित्रातल्या खिडकीबाहेरचं ऊन बघा, खात्रीभाऊ म्हणाले.

नवव्यासारखे टीव्ही दोनच घरी गेले होते. तिथे ते स्वतः गेले, चूक कबूल केली आणि टीव्ही बदलून दिले. पहिल्या घरी जरा ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या घरच्या काकूंना काहीच फरक दिसला नाही, पण सांगायला आलात हे बरं केलंत, असं म्हणून त्या दारापर्यंत सोडायला आल्या. खात्रीभाऊ जिना उतरून खालच्या पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ, कसलीही घाई नसल्यासारखे, रस्त्यावरची माणसं बघत राहिले.