टिकलीची खूण

सन एक्क्याऐंशीला मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि अख्ख्या आष्टीत मला ‘गप बसा’ म्हणायची छाती एकाच माणसाची होती, आमच्या थोरल्या वहिनीची. शिक्षण सातवी, रुबाब मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा. त्या साली त्यांनी आपल्या ओसरीवर बायकांचं वाचन मंडळ काढलं. दर शुक्रवारी, दुपारची भांडी झाली की आठ बाया जमायच्या. पुस्तक एकच. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडायच्या. वाचणारीनं अक्षर गिळलं की वहिनी म्हणायच्या, “टरफल आलं गं. परत वाच.”

पानाचा कोपरा मुडपलेला त्यांना बिलकुल खपायचा नाही. “पुस्तकाचा कान पिरगाळता? त्यानं काय केलंय तुमचं?” म्हणून जिचं वाचन जिथं थांबलं, तिथं तिनं कपाळाची टिकली काढून चिकटवायची. मंडळात एक विधवा मावशी होत्या. त्यांना वहिनी आपली टिकली द्यायच्या. म्हणायच्या, “पुस्तकाच्या कपाळाला सुतक नसतं.”

एका शुक्रवारी माझी बायको पांढऱ्या कपाळानं घरी आली. मी तसाच भांडायला गेलो. “वहिनी, मी जिता हाये अजून!”

“दिसतंय की, भावजी. मंग बसा, शेंगा फोडा.”

मी दुसरी शिकलेला. जोडाक्षर आलं की चिखलात बैल अडावा तसा अडायचो. बायको म्हणायची, “चला की, तुमालाबी शिकवते.” मी म्हणायचो, “बायकांत बसून शिकू? मेल्यावर.” वीसेक वर्षं हेच उत्तर दिलं. तोवर टीव्ही आले, बाया लेकांकडं शहरात गेल्या, ओसरीवर वहिनी आणि माझी बायको दोघीच उरल्या. मग चार दिवसांच्या तापात बायको गेली.

महिन्याभरानं, एका गुरुवारी, वहिनी काठी टेकत आल्या आणि माझ्या मांडीवर पुस्तक ठेवलं. मधोमध तिची मरून रंगाची टिकली.

“इथवर वाचलं तिनं. पुढं काय झालं, ते तिला कळायचं राह्यलं.”

“मंग तुमीच वाचा की, वहिनी.”

“माझी न्हाई ती टिकली. उद्या शुक्रवार हाये, भावजी. चष्मा घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला दम निघाला नाही. सकाळीच ओसरीवर जाऊन बसलो, टिकलीखालच्या ओळीवर बोट ठेवलं. पहिलाच शब्द जोडाक्षराचा.

वहिनींनी शेंग फोडली. “टरफल. परत वाचा.”

परत वाचला.