आईचा रुसवा

केजजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेनं वर्धापनदिनाला सभासदांसाठी हृदयतपासणी ठेवली, ते वर्ष दुष्काळाचं होतं. निम्मी जनावरं चारा छावणीत, संस्थेचे कॅन अर्धे रिकामे, पण वर्धापनदिन करायचा म्हणजे करायचा. सभासद होते दादा, म्हणजे माझे वडील. म्हशींचं सगळं आई बघायची, दूधही तीच काढायची. पण शेअर दादांच्या नावावर, म्हणून तपासणीही दादांची. या न्यायाचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

दादांच्या छातीत अधूनमधून धडधडायचं, म्हणून मी मुद्दाम माहेरी आले होते. शाळेच्या वर्गात सतरंजी बांधून आडोसा केला होता. आत डॉक्टर बाई आहेत हे कळलं आणि दादांचं अवसान गळालं. बाईमाणसापुढं सदरा कसा काढायचा, म्हणून बाकावर बसूनच राहिले. आई वैतागली. "तुमी बसा हितंच. आदी मी पडून बघते, मग या," असं म्हणून मला घेऊन आत गेली. डॉक्टर बाई हसल्या आणि त्यांनी तिला डाव्या कुशीवर झोपवलं.

छातीवर गार जेल लावून त्या यंत्राचं टोक फिरवू लागल्या. स्क्रीनवर आईचं हृदय उघडमीट करत होतं. बाई आधी गप्पा मारत होत्या. नंतर एकाच जागी टोक धरून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. हृदयाची एक झडप आवळली होती, तिच्या मागचा कप्पा फुगला होता आणि ठोके बेताल पडत होते. त्या कप्प्यात रक्त नीट पुढं सरकत नव्हतं, जागच्या जागी धुरासारखं घुमत होतं. कडेला एक गोळा चिकटला होता. ही रक्ताची गाठ आहे, बाई म्हणाल्या, तुकडा सुटून मेंदूत गेला तर मावशींचं अंग लुळं पडेल, जीवही जाईल. आजच शहरात न्या.

सकाळी धार काढून, शेण काढून आलेली माझी आई, आणि तिच्या छातीत हे बसलेलं. आई मात्र शांत होती. दूध तसंच ठेवलं की नासतं, तसलंच की हे, एवढंच ती म्हणाली.

मग बाईंनी तिला विचारलं, मावशी, कधी हातातली ताकद गेली, बोलता येईना, असं झालं होतं का?

"झालतं की," आई म्हणाली. "टँकरचं पाणी आणताना घागर पडली, तवा."

त्या घागरीची गोष्ट मला दादांनीच फोनवर सांगितली होती: भरली घागर हिनं उंबऱ्यात सोडली, मी चार शब्द बोललो, तर तुझी आई रुसून बसली, संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. मग दादाही हट्टाला पेटले, त्यांनी तिच्याशी अबोला धरला. गल्लीत त्या रुसव्याची बरीच थट्टा झाली होती.

"घरात कुणाला सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"सांगू कशी? तोंडातून शब्दच निघंना. अन् मला बोलता आलं, तवा ह्ये माझ्याशी बोलत न्हवते."

सतरंजीखालून दादांचे पाय दिसत होते. ते आडोशाला अगदी लागून उभे होते. बाहेर त्यांचं नाव पुकारलं गेलं, तरी ते पाय हलले नाहीत.

त्याच दिवशी आम्ही आईला जीपनं शहरात नेलं. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, पुढं झडपेचंही काम झालं. दादांचीही तपासणी तिथंच करून घेतली, त्यांच्या हृदयात काहीच निघालं नाही. पण आता आई जरा गप्प बसली की दादा तिला काहीबाही विचारू लागतात: म्हशीनं दूध किती दिलं, मीठ कुठं ठेवलंय. ती वैतागते, त्यांना चार शब्द सुनावते, आणि मग ते गुमान बसतात.