शपथ न घेता

रमीचा नाद सुटावा म्हणून मी मुरगूड सोडलं आणि ज्या फोनवर रमी खेळायचो, तोच फोन खिशात घालून निघालो.

स्टँडवर अव्वा आली होती. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. तिनं भडंगाची पिशवी दिली आणि बस हलेपर्यंत उभी राहिली. वडील, म्हणजे आप्पा, आले नाहीत. त्यांचं बोलून झालं होतं, "त्यो खेळ सुटंस्तवर ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." मी खिडकीतून हात हलवला, डोळे पुसले आणि कागल यायच्या आत तीन डाव हरलो.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही दुबईला गेलात, काही ऑस्ट्रेलियाला. तुमच्या आठवणींत विमानतळ असतो, बर्फ असतो. माझं स्थलांतर मुरगूड ते कसबा बावडा, एसटीनं दोन तासांच्या आतलं. पण तुम्हाला मनात आलं की घरी येता येत होतं, मला बंदी होती. तेव्हा लांब कोण गेलं ते तुम्हीच ठरवा.

बंदीचं कारण गावाला पाठ आहे, तुम्हाला सांगतो. आमचं खत-औषधांचं दुकान. मी काउंटरवर बसून खेळत होतो. गावातल्या भिवामामांनी वांग्यावरच्या अळीचं औषध मागितलं. माझा डाव एका पत्त्यावर अडला होता. वर न बघता मी हात मागं करून बाटली काढून दिली. ती तणनाशकाची निघाली. आठवड्यात त्यांचं वांग्याचं रान करपलं. मामा भांडले नाहीत. वाळलेलं एक झाड उपटून आणलं, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "बघ, एक बी अळी ऱ्हायली न्हाय."

त्याआधी माझ्या तीन शपथा होऊन गेल्या होत्या. आमच्या घरची रीत अशी, की कपाळाला भस्म लावायचं, देव्हाऱ्यापुढं बसायचं, अव्वाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि 'परत खेळणार न्हाय' म्हणायचं. तिन्ही वेळा मी मनापासून म्हटलं होतं. यावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.

बावड्यात ठिबकच्या पाइपा विकणाऱ्या दुकानात काम मिळालं. झोप येईना म्हणून डॉक्टरांकडं गोळी मागायला गेलो. त्यांनी दोन प्रश्नांत ओळखलं आणि एका समुपदेशक बाईंकडं धाडलं. पहिल्याच सेशनला मी सवयीनं म्हणालो, "बाई, तुमच्यासमोर शपथ घेतो."

"माझ्यासमोर नको," बाई म्हणाल्या. "आधीच्या तीन मोडल्यावर काय केलंत ते सांगा."

काय सांगणार? प्रत्येक वेळी आधी एकच डाव खेळलो. मग डोक्यात आलं, आता मोडलीच की. आणि पुढचे आठ दिवस पोटभर खेळलो. बाईंनी 'आता मोडलीच की' हे कागदावर लिहून माझ्यापुढं सरकवलं. "आठ दिवस तुम्हाला खेळवतं ते हे वाक्य. याच्यापासून सुरुवात करू."

या उपचाराला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि सवय बदलायची पद्धत. मला वाटलं होतं, बाई माझं लहानपण उकरतील. त्यांनी विचारलं ते कालच्या दुपारबद्दल. वही ठेवायची. तलफ आली की वेळ, जागा, मनात आलेलं वाक्य आणि तलफ दहापैकी किती, एवढं लिहायचं. मग वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. फोनही बदलायला लावला, बटणांचा घेतला. एकदा मी लिहिलं, 'मघाशी एका पत्त्यानं हुकलं, म्हणजे आता लागणार.' बाईंनी विचारलं, "नव्या पत्त्यांना मघाचं कोण सांगतं?" मी त्याखाली लिहिलं, कुणीच सांगत नाही.

'तलफ आठ. कोथिंबीर आणायला गेलो. तीन.' अशी पानंच्या पानं भरली. मी इतकी कोथिंबीर आणली, की भाजीवाली मला खानावळवाला समजायला लागली.

चौथ्या महिन्यात दुकानातल्या एकाचा फोन मागून घेतला आणि एक डाव खेळलो. 'आता मोडलीच की' हे वाक्य आलंच. पण आता ते ओळखीचं झालं होतं. फोन परत केला आणि वहीत लिहिलं, 'खेळलो. एक.'

वर्षानं अव्वाचा निरोप आला, आप्पांनी बोलावलंय. गेलो तर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आप्पा, शेजारी भिवामामा, पुढ्यात भस्माची वाटी. अव्वा मान खाली घालून बसलेली. मी उंबऱ्याबाहेर.

"शपथ घे आन आत ये," आप्पा म्हणाले. "उद्यापास्नं दुकानात बस."

वर्षभर मी हेच ऐकायची वाट बघत होतो. तरी म्हणालो, "शपथ घेणार न्हाय."

"म्हंजी परत खेळणार हाईस व्हय रं?" मामांनी विचारलं.

"न्हाय. पण कधी घसरलोच, तर एका डावावर थांबायचं हाय मला. शपथ मोडली की मी थांबत न्हाय, हे तीनदा बघितलासा तुम्ही. अव्वाच्या डोक्यावर परत हात ठेवणार न्हाय. हे वाचा."

आप्पांनी चष्मा लावून वही उघडली. चौथ्या महिन्याच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हितं खेळलो म्हणून लिवलंयस."

"व्हय."

"हे दडवायचं सोडून दावायला आलायस?"

"त्येच दावायला आलोय. शपथेबिगर दुकान मिळत नसंल तर ऱ्हाऊ द्या. जेवायला तेवढं आत येऊ द्या."

मग अव्वा उठली, भस्माची वाटी उचलून देव्हाऱ्यात ठेवून आली आणि म्हणाली, "माझं डोकं सुटलं एकदाचं. चला, ताटं वाढते."

आप्पा अडवायला उठले नाहीत. मी आत गेलो.

दुकान मिळालं नाही. खरं सांगायचं तर त्या बाटल्यांपुढं मला बसवावं, असं माझंही मत नाही. मी बावड्यातच राहतो आणि एक रविवार आड मुरगूडला जातो. गाव मला 'वहीवाला' म्हणतं, म्हणू दे. माझ्यासारखे फोन खिशात घालून पळालेले कुणी हे वाचत असाल, तर शपथ घालायला येणाऱ्याला सरळ नाही म्हणा आणि एक वही घेऊन जाणत्या माणसापुढं जाऊन बसा. आणि घर? ते चौथ्या महिन्याचं पान जिथं उघडं ठेवता येतं, ते माझं घर.

जेवणाआधी आप्पा वही मागतात आणि अक्षर लावत लावत वाचतात. गेल्या खेपेला दुसरी वही भरत आलेली बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "येवढं बारावीला लिवला असतास, तर तीनदा बसाय लागलं नसतं."