साडीच्या दुकानाचं गाणं आणि नांदेडचं कपाट

नांदेडला एक संस्था आहे. गेलेल्या गीतकारांचे आणि वर्तमानपत्रांतून गाण्याबजावण्यावर लिहिणाऱ्यांचे कागद तिथे जपून ठेवतात. संस्थेचं काम चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याविषयी फारसं चांगलं बोलणार नाही.

लातूरला माझं साड्यांचं दुकान आहे. मुरुडच्या बाजारात सायकलला गाठोडं बांधून सुरुवात केली. बापाचं त्यात काही नव्हतं. माझा एक मित्र गीतकार होता. भजनं लिहायचा, हळदीची गाणी लिहायचा, आणि माझ्या दुकानाचं गाणंही त्यानंच लिहिलं. रिक्षाला भोंगा लावून ते वर्षानुवर्षं लातूरभर वाजलं. त्याची भजनं देवळात बसलेल्यांनी ऐकली; दुकानाचं गाणं शाळेतल्या पोरांना पाठ होतं. गाण्याबद्दल मी त्याच्या घरी साडी पाठवायचो. कोणती पाठवायची, यावर आमची दर वेळी हुज्जत व्हायची.

तो गेल्यावर वहिनींनी त्याची ट्रंक या संस्थेला द्यायचं ठरवलं. "तुम्ही चला, तुमाला बोलणं जमतं," म्हणाल्या. मी खुशीनं गेलो. तिथे कळलं, संस्था काही देत नाही, फक्त घेते. दान. समोरचा काही देतच नसेल तर वाढवून मागायचं काय? मी तसाच बसून राहिलो, वजनकाटा हरवलेल्या दुकानदारासारखा.

तिथले प्राध्यापक सभ्य होते. त्यांनी ट्रंकेतले कागद टेबलावर काढले. भजनं एका बाजूला, हळदीची गाणी दुसऱ्या बाजूला, आणि जाहिरातीची गाणी तिसऱ्या बाजूला. तिसरा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि हे घरी न्यायला हरकत नाही, असं गोड आवाजात सांगितलं.

माझं डोकं फिरलं. शेजारच्या कपाटात गाण्यांच्या बैठकींवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराचे कागद होते. त्यांत बैठकीचे पास होते, कात्रणं होती, चहावाल्याच्या चिठ्ठ्यासुद्धा होत्या. मी विचारलं, पत्रकाराचा चहा जपता आणि गीतकाराचं गाणं परत देता? ते म्हणाले, चिठ्ठ्यांच्या मागे त्यांची टिपणं आहेत. मी म्हणालो, आणि या गाण्याच्या मागे अख्खं लातूर आहे. त्यांनी मान हलवली, पण गठ्ठा मागे घेतला नाही.

तेव्हा मी उठलो. बाजारात उठणं हा सौद्याचाच भाग असतो. चपला सावकाश घालायच्या, दारात रुमाल झटकायचा, पायरीवर थांबून आभाळाकडे बघायचं. तेवढ्यात मागून हाक येते. ट्रंक आणि तिन्ही गठ्ठे मी मुद्दाम टेबलावरच ठेवले. हाक आल्यावर पुन्हा उचलून आणायचे कशाला? वहिनींनाही खुणेनं बसायला सांगितलं.

हाक आली नाही.

मी फाटकापर्यंत गेलो. बाहेरच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. जिथे माल विकायचा नसतो तिथे गिऱ्हाईक गेल्याचं दुःखही नसतं, हे मला तेव्हा कळलं. शेवटी चष्मा विसरलो असं सांगून परत आत गेलो. चष्मा माझ्या नाकावर होता, पण कुणी काही विचारलं नाही.

आत वेगळंच होऊन बसलं होतं. प्राध्यापक कुठल्याशा बैठकीला गेले होते. नोंदी करणाऱ्या बाईंनी टेबलावरचं सगळं आपलंच समजून एकेका कागदावर पेन्सिलीनं क्रमांक घातले होते, जाहिरातींसकट. प्राध्यापक परत आले, त्यांनी ते बघितलं आणि खुर्चीत बसले. क्रमांक पडला की कागद बाहेर काढता येत नाही, असा त्यांचाच नियम होता. अशा वेळी बोलणारा माणूस धंदा करू शकत नाही.

पण तेही कच्चे नव्हते. नोंदवहीत ही गाणी 'इतर' या सदराखाली जातील, म्हणाले. माझ्या दुकानाचं गाणं इतर! मी पुन्हा चढलो. आवाज इतका वाढला की पलीकडे वाचत बसलेले एक गृहस्थ पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. तेव्हा वहिनी बोलल्या.

"सर, घरात पेन एकच होता. भजन लिहायचा येगळा आन् साडीचा येगळा, असं न्हवतं."

प्राध्यापकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि 'गीते' असं लिहिलं.

मी जिंकलो होतो. तिथेच निघायला हवं होतं. पण फुकटात वरून काही मागितल्याशिवाय मला उठता येत नाही. मी म्हणालो, कागदावर चाल कुठे दिसते? गाणं रेकॉर्ड करून ठेवा, वहिनींना येतं. बाईंनी उत्साहानं यंत्र आणलं. वहिनींनी पदर सावरला आणि गायला लागल्या. गोड गळा होता. प्राध्यापकांची बोटंसुद्धा टेबलावर ठेका धरत होती. मग दुकानाच्या नावाची जागा आली, आणि वहिनींनी तिथे उदगीरच्या साडीवाल्याचं नाव घेतलं.

मी यंत्र बंद करायला सांगितलं. वहिनींना काय चुकलं तेच कळेना.

"आधी त्येंच्यासाठीच केलतं की. त्येंनी घेतलं न्हाई, मग तुमाला दिलं."

मी नव्यानं रेकॉर्ड करा म्हणालो. करू, प्राध्यापक म्हणाले, पण पहिलंही राहील. मूळ पाठ म्हणून त्याला जास्त महत्त्व आहे. हे सांगताना ते हसत नव्हते, म्हणून मला जास्त राग आला.

नवं रेकॉर्डिंग व्हायची वाटही न बघता मी वहिनींना घेऊन निघालो. परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या अलीकडे मात्र मला राहवेना. भांडायला मित्र उरला नव्हता. गाडी बाजूला घेतली आणि वहिनींना म्हणालो, आता आमचं नाव घालून म्हणा.

त्या म्हणायला लागल्या, नावापाशी आल्या आणि अडखळल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळल्या.

"बसत न्हाई हो भाऊ. तुमचं नाव लांब हाय चालीला. ह्ये लई घोळायचे त्याच्यावर. म्हणायचे, दुकानाचं नाव बदल म्हणावं, तर चिडंल."

मी गाडी सुरू केली. इतकी वर्षं भोंग्यातून माझ्या दुकानाचं नाव घाईघाईनं पळताना ऐकत होतो, आणि मला वाटायचं, रिक्षावाला गाडी जोरात हाणतोय.