वर्गीकरण: ओला-सुका

रविवारी सकाळी मुलुंडमध्ये, भर हॉलमध्ये, माझी अब्रू जाता जाता राहिली. आणि ती माझ्या हुशारीमुळे राहिली नाही, हे आधीच सांगून टाकते...

आमचा एक छोटासा सेवा क्लब आहे. डोळे तपासणीची शिबिरं, शाळांना वह्या, असली कामं करतो. कोणी पुण्याला गेलं, कोणी मुलांकडे परदेशी, असं होत होत आम्ही उरलो बारा. मग वरून पत्र आलं, किमान वीस सभासद दाखवा, नाहीतर शेजारच्या क्लबात विलीन व्हा. आमचे अध्यक्ष सावंतकाका ते पत्र खिशात घेऊनच फिरत होते.

शोधाशोध करून आठ जण मिळाले. बरोब्बर आठ! त्यातल्या पाच जणी भांडुपच्या एकाच चाळीतल्या, म्हणजे सुनंदाताई कांबळे आणि त्यांच्या चार शेजारणी. ताई साड्यांना फॉल-पिको करतात, माझ्याही करतात, तिथेच मी त्यांना गळ घातली होती.

"मॅडम, तिथे सगळे इंग्लिशवाले असतील ना? हसतील आम्हाला," एवढीच त्यांची शंका होती. कोणी हसणार नाही, माझा शब्द, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या फॉर्मवर 'क्लासिफिकेशन' असा एक रकाना असतो, त्यात आपला व्यवसाय लिहायचा. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे इंग्रजी फॉर्म बघून माझे हात शिवशिवले. अख्खा फॉर्म मराठीत केला आणि त्या रकान्याचं केलं 'वर्गीकरण'. साधं 'व्यवसाय' लिहायला काय झालं होतं? पण नाही, शब्दाला शब्द हवा ना मला!

आमच्याकडे पद्धत अशी की नवीन सभासदाला स्टेजवर बोलवायचं, मी फॉर्म वाचून ओळख करून द्यायची, मग अध्यक्षांनी क्लबची पिन लावून पितळी घंटा एकदा वाजवायची. पहिले तिघे झाले... एक डेंटिस्ट, एक सीए, एक इस्टेट एजंट. तिघंही जुन्या सभासदांचे मित्र, त्यांना रकाना माहीत होता.

चौथ्या सुनंदाताई. फॉर्म आधी नजरेखालून घालायचे कष्ट मी घेतले नव्हते. वर्गात हजेरी घेते तशी खणखणीत वाचत सुटले... "सुनंदा कांबळे, भांडुप. वर्गीकरण: रोज करते. ओला वेगळा, सुका वेगळा. फुटलेली काच कागदात गुंडाळून."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी "कचरा स्पेशालिस्ट!" म्हणालं, आणि लोक आणखी हसले.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला वर्गीकरण म्हटल्यावर कचऱ्याशिवाय दुसरं काय आठवणार? ताईंनी अगदी बरोबर उत्तर लिहिलं होतं. त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि चौघी शेजारणी पर्स उचलून उठायच्या बेतात... त्या गेल्या की क्लब गेला. पण खरं सांगते, त्या क्षणी मला क्लबचं काही वाटत नव्हतं. मी त्या बाईला शब्द दिला होता.

"चूक ह्यांची नाही, माझी आहे," मी माइकवर कसंबसं म्हटलं. तेवढ्यात ताईंनी माझ्या हातातून माइक घेतला.

"हसा, काही हरकत नाही. आमच्या चाळीतले पण पहिल्यांदा हसलेच होते," त्या म्हणाल्या. "चाळीस बिऱ्हाडं आहेत. दारोदार फिरून दोन वर्षं लागली, पण आता चाळीसच्या चाळीस करतात. मागे खताचे पिंप आहेत, त्या खतावर अळू येतं. आता मला सांगा, इथे कोण कोण करतं? हात वर करा."

भरल्या हॉलमध्ये सहा-सात हात वर आले. सावंतकाकांनी ऐटीत हात वर केला, तर पहिल्या रांगेतून काकू मालवणीत कडाडल्या, "तुमी खंय करतास? मी करतंय! हात खाली करा!"

ह्या वेळचं हसू वेगळं होतं. ताई पण हसल्या. आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला ना... काका घंटा एकदाच वाजवायची हे विसरून वाजवतच राहिले.

उरलेल्या चौघींचे फॉर्मही तसेच भरलेले होते. मी आता मुद्दाम थांबून वाचायला लागले, "वर्गीकरण..." आणि शेवटच्या ताईंच्या वेळी अख्खा हॉल माझ्याबरोबर ओरडला, "ओला-सुका!" वीस झाले! काकांनी खिशातलं पत्र काढून टराटरा फाडलं आणि ताईंकडे बघून विचारलं, "हे सुक्यात ना?"

नंतर वडे होते. डेंटिस्टसाहेब प्लेट घेऊन ताईंसमोर विद्यार्थ्यासारखे उभे... "ताई, चटणी लागलेला कागद कशात?" रांगच लागली हो प्रश्न विचारायला. माझ्या वर्गात एवढे प्रश्न कधी आले नाहीत!

रजिस्टरमध्ये नोंद करताना मी ताईंना म्हटलं, खोडून 'फॉल-पिको' लिहू का? त्या म्हणाल्या, "राहू दे ना मॅडम. फॉल-पिको तर पोटासाठी करते."

म्हणून तसंच ठेवलंय. फॉर्मही आता बदलणार नाही.

एक सांगायचं राहिलं. ताईंनी हात वर करायला सांगितलं तेव्हा माझा हात खालीच होता. त्यांनी ते पाहिलं, आणि चारचौघांत काही बोलल्या नाहीत... थँक यू, सुनंदाताई. रविवार संध्याकाळपासून माझ्या ओट्याखाली दोन डबे आहेत.